कडुनिंबाची चादर, डाळिंबाची चादर आणि मधाची पट्टी: आईच्या अंथरुणावरचे सात महिने

गेल्या वर्षी पक्षाघाताने आईची उजवी बाजू गेली आणि ती अंथरुणाला खिळली. तिसऱ्या महिन्यात माकडहाडाशी कातडी लाल झाली, आठवड्याभरात ती फाटली आणि रुपयाच्या नाण्याएवढी जखम, म्हणजे बेडसोर, उघडी पडली. त्यानंतरच्या सात महिन्यांत आमच्या घरात तीन अशा वस्तू आल्या ज्यांच्या वेष्टनावर ‘वनस्पतीजन्य’ आणि ‘जंतुरोधक’ हे दोन शब्द होते: कडुनिंब व तुळशीच्या अर्काची प्रक्रिया केलेली चादर, डाळिंबाच्या सालीत रंगवलेली आडवी चादर आणि मधात भिजवलेली निर्जंतुक पट्टी. मी सोलापुरातल्या एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापडावर रंग आणि इतर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याच्या, प्रयोगशाळेत २६ वर्षे कापडाच्या चाचण्या केल्या असल्यामुळे या वस्तू मी मुलीच्या काळजीने वापरल्या, तशाच त्या जुन्या कामाच्या सवयीने तपासूनही पाहिल्या. ज्यांच्या घरी असेच कोणी अंथरुणावर आहे आणि दुकानात किंवा मोबाइलवर अशा वस्तू पाहून ज्यांचा हात पैशाच्या पाकिटाकडे जातो आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. निर्मात्यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण जे दोष मला आढळले ते एका कंपनीचे नसून या प्रकारच्या मालाचे आहेत, आणि नाव बदलून तोच माल दुसऱ्या वेष्टनात मिळतो.

पहिली आली ती कडुनिंबाची चादर. वेष्टनावर हिरवी पाने होती, ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ असे मोठ्या अक्षरांत छापले होते आणि शेजारी काचेच्या बशीतल्या जंतूंच्या थराचे छायाचित्र होते, ज्यात कापडाच्या तुकड्याभोवती स्वच्छ कडे दिसत होते. कापड चांगले होते. सूत एकसारखे होते, वीण घट्ट होती आणि हाताला मऊपणा जाणवत होता. परंतु पहिल्याच धुण्यात बादलीतले कोमट पाणी चहाच्या रंगाचे झाले आणि त्याला कडुनिंबाचा तो ओळखीचा कडवट वास आला. दुसऱ्या धुण्याला रंग फिका झाला, चौथ्याला पाणी स्वच्छ निघाले आणि चादरीचा वासही गेला. ज्याला प्रक्रिया म्हणून वरचे पैसे घेतले होते ते आमच्या मोरीतून वाहून गेले, हे कळायला मला प्रयोगशाळेची गरज भासली नाही.

असे का होते ते थोडक्यात सांगते. कापडावर एखादे द्रव्य चढवण्याची आमची नेहमीची रीत म्हणजे पॅडिंग, वाळवण आणि क्युअरिंग. कापड द्रावणातून काढून रुळांमध्ये पिळतात, त्यात आपल्या वजनाच्या साधारण ७० ते ८० टक्के द्रावण राहते, मग स्टेंटर या कापड ताणून वाळवणाऱ्या यंत्रावर ते वाळवतात आणि शेवटी १५० अंशांच्या आसपास काही मिनिटे तापवतात. या तापवण्यात द्रव्य आणि सूत यांचा रासायनिक सांधा जुळावा अशी अपेक्षा असते. रिॲक्टिव्ह रंग सुताला कायमचे चिकटतात, कारण त्यांच्या रेणूंची रचनाच कापसाच्या सेल्युलोजशी बंध जोडण्यासाठी केलेली असते. कडुनिंबातल्या निंबिडिनला किंवा तुळशीतल्या युजेनॉलला कापसाशी असे काही नाते नाही. ते तंतूंवर नुसते बसतात, पाणी आणि साबण आला की उठून जातात, आणि युजेनॉल तर हवेतही उडून जाते. त्यांना धरून ठेवायचे असेल तर सायट्रिक आम्लासारखा जोडणारा दुवा, किंवा बाभळीच्या डिंकाच्या अथवा अल्जिनेटच्या अतिसूक्ष्म कुप्या, किंवा सायक्लोडेक्स्ट्रिनसारखी पोकळी असलेले रेणू वापरावे लागतात. हे सर्व करता येते, त्यावर आपल्याकडच्या वस्त्रतंत्र महाविद्यालयांत कित्येक वर्षे काम चाललेले आहे, परंतु त्याला वेळ आणि पैसा लागतो. सायट्रिक आम्ल जास्त तापले तर कापड पिवळे पडते आणि सुताची ताकदही घटते, हे मी स्वतः नमुन्यांवर पाहिलेले आहे. त्यामुळे पुष्कळ निर्माते अर्कात कापड बुडवतात, वाळवतात आणि विकतात.

आता त्या छायाचित्रातल्या कड्याविषयी, कारण ग्राहकाची सर्वांत मोठी दिशाभूल तेथेच होते. जंतूंच्या थरावर कापडाचा तुकडा ठेवल्यावर त्याच्याभोवती जितके रुंद कडे उमटते तितके कापड प्रभावी, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात कडे उमटते ते द्रव्य कापड सोडून बाहेर पसरते म्हणून. जे द्रव्य बशीतल्या ओल्या अगारमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, इतक्या सहज पसरते ते साबणाच्या पाण्यात त्याहून सहज जाईल. उलट जे द्रव्य सुताला पक्के बांधलेले आहे त्याच्या तुकड्याभोवती कडे दिसतच नाही, फक्त तुकड्याच्या खाली जंतू वाढलेले नसतात. म्हणून धुऊन वापरायच्या चादरीसाठी रुंद कडे ही फुशारकीची गोष्ट नाही. एकदा वापरून टाकायच्या पट्टीसाठी मात्र तेच कडे उपयोगाचे असते, कारण तेथे द्रव्य जखमेत उतरावे हाच हेतू असतो. एकच छायाचित्र दोन्ही मालांच्या वेष्टनावर छापले जाते आणि हा भेद कोणी सांगत नाही.

९९.९ टक्क्यांचेही तसेच. आमच्या क्षेत्रात एएटीसीसी १०० किंवा आयएसओ २०७४३ या ठरलेल्या चाचणी-पद्धतींनी ही मोजणी होते. कापडाच्या ओल्या तुकड्यावर मोजून जंतू सोडतात, सहसा स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि क्लेब्सिएला न्यूमोनी, आणि उबेत ठेवून बहुधा २४ तासांनी किती उरले ते मोजतात. १ लाखातले १०० उरले म्हणजे ९९.९ टक्के. आकडा खोटा नसतो, पण तो न धुतलेल्या, ओल्या, उबदार तुकड्याचा असतो. आईच्या चादरीवर घाम पडतो, कधी लघवी लागते, कधी पाझर लागतो, आणि ती तिसऱ्या दिवशी धुतली जाते. मी वेष्टनावर शोधले ते ‘किती धुण्यांनंतर’ हे शब्द. ते नव्हते. विक्रेत्याला लिहून विचारले तेव्हा अहवालाची प्रत आली, ती नीट होती, परंतु त्यातही धुण्याचा उल्लेख नव्हता.

तरीही या चादरीचा सगळ्यात गंभीर दोष हा नव्हता. पाचव्या दिवशी मला आईच्या पाठीखालचा भाग नेहमीपेक्षा ओला लागला. प्रयोगशाळेत आम्ही करायचो तशी थेंबाची साधी परीक्षा केली: ताणून धरलेल्या कापडावर बोटभर अंतरावरून पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि तो शोषला जाईपर्यंत सेकंद मोजायचे. नीट ब्लीच केलेल्या सुती कापडात थेंब पाहता पाहता जिरतो. या चादरीवर तो मण्यासारखा उभा राहिला आणि मिनिट होऊन गेले तरी हलला नाही. अर्काबरोबर कडुनिंबाचे तेलही सुतावर चढले असावे किंवा वरून मऊपणासाठी सिलिकॉन दिले असावे. कारण काही असो, सुती चादरीचा शोषून घेण्याचा गुणच गेला होता. बेडसोरच्या रुग्णाला ओलसर कातडी म्हणजे पुढच्या जखमेचे आमंत्रण आहे. जंतू मारण्याच्या नावाखाली जी चादर घाम कातडीवरच ठेवते, ती अशा रुग्णाच्या अंथरुणावर घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. चार धुण्यांनंतर ती शोषू लागली, पण तोवर तिच्यात कडुनिंबही उरला नव्हता. आता ती बाहेरच्या दिवाणावर आहे आणि तेथे ती चांगली साधी चादर आहे.

येथे एक गोष्ट मध्येच सांगितली पाहिजे, कारण ती मला स्वतःला उशिरा उमगली. बेडसोर जंतूंमुळे होत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तेथला रक्तपुरवठा थांबतो, आणि मांस मरते. जंतू नंतर येतात. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, एअर मॅट्रेस, चादरीला सुरकुती नसणे, पुरेशी प्रथिने आणि कोरडी कातडी यांची जागा कोणतीही जंतुरोधक चादर घेऊ शकत नाही. मी पहिल्या महिन्यात चादर शोधण्यात जितका वेळ घालवला तितका गजर लावून उठण्यात घातला असता तर कदाचित ती जखम नाण्याएवढीही झाली नसती. ही रुखरुख माझ्या मनात आहे आणि वाचणाऱ्याने ती आपल्या वाट्याला येऊ देऊ नये.

दुसरी वस्तू आमच्याच जिल्ह्यातल्या एका लहान उद्योगाची. डाळिंबाच्या सालीच्या आणि हिरड्याच्या काढ्यात तुरटी देऊन रंगवलेली, पाठीपासून मांडीपर्यंत पुरेल अशी आडवी चादर. सोलापूर जिल्हा डाळिंबाचा, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. रस काढणाऱ्या कारखान्यांत सालीचे ढीग पडतात. साल टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेली असते, आणि टॅनिन हे कडुनिंबाच्या द्रव्यांसारखे उपरे नाही. त्याच्या रेणूवर इतके हायड्रॉक्सिल गट असतात की ते सुताला जागोजाग धरते, आणि तुरटीतले ॲल्युमिनियम मध्ये आले की ही पकड आणखी पक्की होते. आपल्याकडचे रंगारी हिरडा आणि तुरटी शतकानुशतके वापरत आले ते रंग टिकावा म्हणून, आणि तेच टॅनिन जंतूंच्या प्रथिनांनाही बांधून टाकते. जुने रंगकाम आणि नवे जंतुरोधक फिनिश यांची सांगड इतकी सहज बसते याचा, कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या मला, मनापासून आनंद झाला.

टॅनिन टिकले की गेले हे घरी पाहता येते. हिराकस, म्हणजे लोहाचा हिरवट क्षार, पाण्यात विरघळवून त्याचा एक थेंब चादरीच्या कोपऱ्यावर टाकायचा; टॅनिन असेल तर तेथे शाईसारखा काळा-करडा डाग उमटतो. जुनी शाई याच क्रियेने बनायची. न धुतलेल्या कोपऱ्यावर डाग गडद काळा आला. १० धुण्यांनंतर तो थोडा फिका होता आणि २० धुण्यांनंतरही स्पष्ट करडा होता. कडुनिंबाच्या चादरीच्या अनुभवानंतर हे पाहून बरे वाटले. अर्थात डाग उमटला म्हणजे टॅनिन शिल्लक आहे इतकेच सिद्ध होते. ते अजून जंतूंना तितकेच आवरते आहे की नाही हे त्या थेंबातून कळत नाही, आणि त्यासाठी धुतलेल्या तुकड्याचा चाचणी अहवालच हवा. या उद्योगाकडे असा अहवाल नव्हता, पण त्यांनी ‘९९.९’ असा दावाही केला नव्हता, आणि विचारल्यावर कृतीची सर्व माहिती मोकळेपणाने दिली. थेंबाच्या परीक्षेत ही चादर उत्तम उतरली: पाणी पडताच जिरले.

दोष तिच्यातही आहेत. एका लॉटची छटा दुसऱ्याशी जुळत नाही, हे नैसर्गिक रंगात चालायचेच. पण गच्चीवरच्या जुन्या लोखंडी टाकीच्या पाण्यात धुतल्यावर तिच्यावर करडे ठिपके पडले, कारण गंजातले लोह टॅनिनशी मिळाले. तेव्हापासून ती नळाच्या पाण्यातच धुतो. सोडा जास्त असलेल्या तीव्र साबणाने रंग तपकिरी होतो. दोन धुण्यांत लांबीला बरीच आटली, म्हणजे कापड आधी आटवून घेतलेले नव्हते, आणि ही कुचराई कोणत्याही प्रोसेसिंगवाल्याला शोभणारी नाही. सर्वांत महत्त्वाची अडचण मला सिस्टरांनी दाखवली. चादरीचा रंग मातकट पिवळा आहे, आणि जखमेतून येणारा पाझरही पिवळसर असतो. पांढऱ्या चादरीवर पाझर किती आला, त्याला हिरवट झाक आहे का, रक्त आहे का, हे एका नजरेत कळते. या चादरीवर कळत नाही. रुग्णालयाच्या चादरी पांढऱ्या का असतात याचे उत्तर मला त्या दिवशी नव्याने मिळाले. आता आम्ही कमरेखाली पांढऱ्या जुन्या धोतराचा धुऊन उकळलेला चौकोनी तुकडा घालतो आणि त्याखाली डाळिंबाची चादर. निर्मात्यांना मी सुचवले आहे की मधला पट्टा न रंगवता पांढरा सोडावा.

या दोन्ही चादरी न फाटलेल्या कातडीसाठी आहेत, हे स्पष्ट सांगते. त्या निर्जंतुक नसतात. उघड्या जखमेवर यांतले काहीही लावायचे नसते, आणि चादर कितीही औषधी असली तरी ती गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीच लागते. रुग्णालयांच्या धुलाईत कपडे ७१ अंशांवर किमान ३ मिनिटे ठेवण्याची रीत आहे. घरच्या पातेल्यात उकळण्याने ते सहज साधते आणि त्याला कोणताही अर्क लागत नाही.

उघड्या जखमेसाठी आली ती मधाची पट्टी, आणि तिच्याविषयी मला अधिक लिहायचे आहे, कारण या तिघांत खरी औषधाच्या जवळ जाणारी वस्तू तीच. सर्जनांनी मृत पेशींचा पिवळा थर शक्य तितका काढल्यानंतर, आणि आईला मधमाशीच्या कोणत्याही गोष्टीची ॲलर्जी नाही ना हे विचारून, ती लिहून दिली. न्यूझीलंडच्या मानुका झुडपाच्या मधात भिजवलेले जाळीदार कापड, प्रत्येक तुकडा वेगळ्या मोहोरबंद पाकिटात, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला. हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. स्वयंपाकघरातल्या मधात क्लोस्ट्रिडियम या घातक जंतूचे बीजाणू असू शकतात. ते मारायला मध तापवावा तर त्यातले ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) नष्ट होते, आणि मधाच्या जंतुरोधक शक्तीचा मोठा भाग त्याच विकरामुळे असतो. गॅमा किरणांनी बीजाणू मरतात आणि विकर बऱ्याच अंशी राहते. म्हणून ‘घरचा शुद्ध मध आहे की’ असे म्हणून बरणीतला मध जखमेत ओतणाऱ्यांना मी हात जोडून थांबवीन.

मध काम करतो तो तीन-चार वाटांनी. त्यात पाणी जेमतेम १७ ते २० टक्के असल्यामुळे तो जखमेतून आणि जंतूंतूनही पाणी ओढून घेतो. तो आम्लधर्मी असतो. जखमेतल्या पाझराने पातळ झाला की त्यातले विकर थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. मानुकात याखेरीज मिथिलग्लायॉक्सल असते, जे पेरॉक्साइड नाहीसे झाल्यावरही काम करत राहते. मानुकाच्या या वेगळेपणाचा शोध वायकाटो विद्यापीठाच्या पीटर मोलन यांच्या कामातून सुरू झाला आणि त्यामागचे द्रव्य पुढे जर्मनीत ड्रेस्डेनला ओळखले गेले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा मधाच्या ड्रेसिंगला २००७ मध्ये मान्यता दिली.

या विषयात सोलापूरचे नाव आहे हे मात्र फार थोड्या सोलापूरकरांना ठाऊक असेल. येथल्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजण्यावरचे नेहमीचे औषध यांची तुलना करून १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये लेख प्रसिद्ध केला, आणि त्यात मधाचा निकाल पुष्कळच उजवा होता. त्यांनी मधाच्या पट्टीची तुलना उकडलेल्या बटाट्याच्या सालींशीही केली. त्या सालींचे ड्रेसिंग मुंबईत डॉ. केसवानी यांनी १९८५ च्या सुमारास पुढे आणले होते, आणि मुंबईतच शीव रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे यांनी पुढे केळीच्या निर्जंतुक पानांचे ड्रेसिंग भाजलेल्या जखमांवर वापरून दाखवले. केळीचे पान आणि बटाट्याची साल येथे जंतू मारत नव्हती. ती जखमेला चिकटत नव्हती, ओल टिकवत होती, आणि ड्रेसिंग काढताना रुग्ण किंचाळत नव्हता. महाराष्ट्रातल्या या कामाचे मोल मला फार मोठे वाटते, कारण त्यात वनस्पतीच्या नावाचा उदोउदो नाही, जखमेला नेमके काय हवे याचा विचार आहे.

पुराव्याविषयीही सरळ बोलले पाहिजे. वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये मधाच्या २६ चाचण्या, ३,००० हून थोडे अधिक रुग्ण, एकत्र पाहिल्या. वरवर भाजलेल्या जखमा नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा ४ ते ५ दिवस आधी भरतात, शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांतही फायदा दिसतो, पण बेडसोर, मधुमेही पाय आणि शिरांमुळे होणारे पायाचे व्रण यांच्याबाबत खात्रीने काही सांगता येईल इतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. सर्जनांनी हे आम्हांला आधीच सांगितले होते. ‘मृत थर सुटायला मदत होईल, वास कमी होईल, यापेक्षा जास्तीची अपेक्षा ठेवू नका’, असे त्यांचे शब्द होते, आणि अनुभव तसाच आला.

पहिल्या दिवशी आईला आग झाली. अर्धा तास ती डावा हात घट्ट आवळून होती. मधाच्या आम्लामुळे असे होते आणि ते आधी सांगून ठेवले पाहिजे. तिसऱ्या दिवशी वास निम्म्याहून कमी झाला, जो त्या खोलीत वावरणाऱ्या प्रत्येकासाठी मोठा दिलासा होता. पाझर मात्र पहिल्या आठवड्यात वाढला. मध पाणी ओढतो, त्यामुळे हे अपेक्षितच असते, पण आम्ही वर पुरेसा जाड शोषक गॉज घातला नव्हता आणि जखमेच्या कडेची कातडी पांढरी, भिजलेल्या बोटांसारखी झाली. सिस्टरांनी कडेला झिंक ऑक्साइडचे मलम लावायला सुरुवात केली, ड्रेसिंग दोन दिवसांऐवजी रोज बदलले, आणि ते सावरले. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये अंगाच्या उबेने मध इतका पातळ होतो की तो पट्टीत न राहता चादरीवर येतो. उन्हाळ्यात पाकीट उघडण्यापूर्वी थोडा वेळ थंड जागी ठेवले तर पट्टी हाताळायला सोपी जाते. साडेतीन आठवड्यांत उरलेला पिवळा थर गेला आणि तळाशी लाल, दाणेदार मांस दिसू लागले. त्यानंतर सर्जनांनी मध थांबवून साधे ओल टिकवणारे ड्रेसिंग सुरू केले. स्वच्छ, भरत आलेल्या जखमेवर महागडी जंतुरोधक पट्टी चालू ठेवण्यात काही हशील नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितले याबद्दल मी त्यांची कृतज्ञ आहे.

किंमत ही या पट्टीची खरी अडचण आहे. एक पाकीट साध्या पॅराफिन गॉजच्या कैक पट महाग पडते, आणि मोठ्या जखमेला एका वेळी दोन लागतात. उरलेला अर्धा तुकडा उद्यासाठी ठेवण्याचा मोह होतो. ठेवू नये, पाकीट फोडताच निर्जंतुकपणा संपतो. विकत घेताना मोहोर, मुदत, ‘निर्जंतुक’ असा स्पष्ट उल्लेख आणि उत्पादन अथवा आयात परवान्याचा क्रमांक पाहावा. भारतात अशी ड्रेसिंगे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात, आणि ज्या पाकिटावर परवाना क्रमांकच नाही ते कितीही पानाफुलांनी सजवलेले असले तरी जखमेजवळ नेऊ नये.

घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने हळदीचा आग्रह धरला, म्हणून तिच्याविषयी चार वाक्ये. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाला जखमेवर हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मिळाले आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या राष्ट्रीय विज्ञान-संशोधन संस्थेने जुने लिखित पुरावे सादर करून ते १९९७ मध्ये रद्द करवले, याचा मलाही अभिमान आहे. पण त्या लढ्यात सिद्ध झाले ते एवढेच की हा उपयोग आपल्याला आधीपासून माहीत होता. डब्यातली हळद बेडसोरमध्ये दाबावी, असे त्यात कोणी म्हटलेले नाही. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उजेडात टिकत नाही, आणि जखमेच्या कडेला जो लालसरपणा पाहून संसर्ग ओळखायचा तोच पिवळ्या रंगाखाली झाकला जातो. दळलेल्या हळदीत धूळ आणि बीजाणू असतात, कधी भेसळीचा रंगही असतो.

जात्यादी तेलाचेही नाव निघाले. ती शास्त्रोक्त कृती आहे. जाईची पाने, कडुनिंब, पटोल, करंज, मंजिष्ठा, दारुहळद, मेण आणि तिळाचे तेल यांच्याबरोबर तीत मोरचूदही असते. म्हणजे ‘निव्वळ वनस्पती’ असे जे तिच्याविषयी सांगतात त्यांना तांब्याचा क्षार दिसलेला नसतो. सुश्रुताने व्रणासाठी ६० उपक्रम सांगितले, त्यांत शोधन (जखम स्वच्छ करणे) आधी आणि रोपण (ती भरून आणणे) नंतर हा क्रम आहे. कोणते तेल कोणत्या अवस्थेत हे ठरवणे वैद्याचे काम आहे. आमच्याकडे दोन उपचार एकाच जखमेवर एका वेळी नकोत असे सर्जनांनी सांगितले, म्हणून ते आम्ही वापरले नाही आणि त्यावर मी अभिप्राय देत नाही.

कोणी मला विचारले तर कडुनिंबाच्या चादरीसाठी वरचे पैसे देऊ नका असे सांगेन, निदान निर्माता धुतलेल्या कापडाचा अहवाल दाखवीपर्यंत आणि तुम्ही स्वतः पाण्याचा थेंब टाकून पाहीपर्यंत. डाळिंबाची चादर घ्या, पण ती पाझर दिसेल अशा पांढऱ्या कापडाखाली घाला आणि मापाने एक वीत मोठी मागा. मधाची पट्टी सर्जन सांगतील तेव्हा आणि तेवढेच दिवस वापरा.

आईची जखम सातव्या महिन्यात बोटाच्या पेराएवढी उरली आहे. रात्री १२, २ आणि ४ चा गजर अजून चालू आहे. एक पाळी माझी, एक धाकट्या भावाची, एक त्याच्या मुलीची. डाळिंबाच्या आणखी दोन चादरी मी कालच सांगितल्या. या खेपेला मधला पट्टा पांढरा सोडतो आणि कापड आधी आटवून घेतो असे त्या उद्योगातल्या ताईंनी कबूल केले आहे. आल्या की पहिला थेंब पाण्याचा टाकीन आणि दुसरा हिराकसचा.